तोंड बांधलेला लोहचुंबक

आमच्या गावातल्या मुलांना विजेची माहिती असली पाहिजे, असं निजाम सरकारच्या मनात का आलं, ते मला आजवर कळलेलं नाही. गाव दिंद्रुडपासून बैलगाडीनं अर्ध्या सकाळच्या अंतरावर. सगळ्या गावात काचेचा कंदील एकच, तो पाटलांच्या घरी, आणि त्यातही तेल पडायचं ते पाहुणा आला तरच. बाकीचं गाव अंधार पडला की झोपायचं. वीज आम्हाला ठाऊक होती ती आभाळातली. ती पडली की म्हैस जाते, एवढं ज्ञान गावाला पिढ्यान्‌पिढ्या पुरलं होतं. पण हुकूम आला की यापुढं शाळेत वस्तुपाठ शिकवायचे. म्हणजे नुसतं पुस्तक घोकायचं नाही, वस्तू हातात धरून दाखवायची. विजेचा एक पाठ, लोहचुंबकाचा एक, शक्तीचा एक आणि दगडांचा एक. थंडीत शाळा तपासायला मोठे साहेब येणार होते, त्यांना मोहतमीम म्हणत. त्यांच्यासमोर हे पाठ घेऊन दाखवायचे होते.

शाळेचे मास्तर म्हणजे माझे यजमान. त्यांची नेमणूक हंगामी होती. पाठ साहेबांच्या पसंतीला उतरले आणि शाळा मुलांनी भरलेली दिसली, तर नोकरी कायम होणार. नाही तर शाळा उचलून दुसऱ्या गावी जाणार आणि मास्तर घरी. घरी म्हणजे बीडला, माझ्या सासरी.

यांना नोकरीची काळजी होती, मला सासरची. त्या घरात सासूबाई, तीन जावा, एक विधवा आत्तेसासूबाई आणि सगळ्यांत मिळून एक चूल. मला आई नव्हती, म्हणून माझं पहिलं बाळंतपण सासरीच झालं. मुलगी झाली आणि महिन्याच्या आत गेली. त्यानंतर त्या घरात मला कुणी टाकून बोललं नाही. टाकून बोलायला आधी बोलावं लागतं. यांना खेड्यावर नोकरी लागली तेव्हा सगळे हळहळले आणि मी एकटी मनातून हरखले. इथं आम्हाला राहायला पाटलांच्या घराच्या मागच्या भिंतीला चिकटलेल्या दोन खोल्या होत्या, त्यातल्या पुढच्या खोलीत शाळा. सिंदफणेच्या काठची माती आणून, भुसा कालवून मी स्वतःच्या हातानं चूल घातली. ती चूल जाऊ नये एवढंच मला हवं होतं. त्यासाठी सरकारला वीज, दगड, काय हवं ते गावाला शिकवायला माझी हरकत नव्हती.

वस्तुपाठाची पेटी बीडहून गाडीतून आली. उतरवून घेताना गाडीवान कण्हत म्हणाला, "दगडं भरलीत का काय ह्यात?"

दगडंच भरली होती. बालाघाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्या, नांगराचा फाळ रोज दगडावर आपटून शिव्या देणाऱ्या लोकांना हैदराबादेनं दगड पाठवले होते. लाकडी कप्पे, खाली कापूस, प्रत्येक दगडाला नावाची चिठ्ठी. आमच्याकडं दगडाला नाव पडतं ते शेंदूर लागल्यावर. इथं बिनशेंदराचे दगड नाव लावून गादीवर निजले होते. गाव बघायला लोटलं. पाटलांनी एक दगड उचलून तळहातावर झोकला आणि आपल्याकडच्या काळ्या दगडाबद्दल तुमच्या पुस्तकात काय लिहिलंय, ते विचारलं. यांना एवढंच पाहिजे होतं. हे म्हणाले, "आपला काळा दगड म्हणजे एकेकाळचा अग्नी. धरणी फाटली, वितळलेला दगड वर आला आणि या सगळ्या मुलखावर पसरून थिजला."

"कवा?"

"लाखो वर्षं झाली."

"अन् अजून निवला न्हाई," पाटील म्हणाले. "वैशाखात बगा की अनवानी चालून."

यांनी मान डोलावली. वरिष्ठांशी वाद घालायचा यांचा स्वभाव नव्हता.

साहेबांसमोर चुकायला नको म्हणून हे सगळे पाठ आधी घरी माझ्यावर घेत. शक्तीचा पाठ माझ्या जात्यावर झाला. पहाटे मी दळत होते आणि हे घोंगडी पांघरून समोर बसले. म्हणाले, "तू ही जी कुव्वत लावतेस, ती नाहीशी होत नाही. रूप बदलते. पिठाला हात लावून बघ."

लावला. पीठ कोमट होतं. इतकी वर्षं दळत होते, पण माझी ताकद पिठात मुरते हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं ती खांद्यातून जाते.

"आणि तीच भाकरीतून माणसाला परत मिळते," हे म्हणाले.

"कोणत्या माणसाला?" मी विचारलं, कारण पहिली भाकरी यांच्या ताटात पडायची.

हे बराच वेळ पुस्तक चाळत राहिले आणि मग म्हणाले की असा प्रश्न परीक्षेला येत नाही.

विजेच्या पाठाला काचेची कांडी रेशमी रुमालानं घासायची होती. रुमाल वाटेतच उंदरांनी खाल्ला होता. सरकारनं उंदरांचा पाठ ठेवला नव्हता, नाही तर तो तेवढा वस्तूसकट झाला असता. मग माझी लग्नातली रेशमी चोळी निघाली. हे कांडी घासत सुटले आणि शेवटी ज्वारीचा कोंडा टुणकन उडून कांडीला चिकटला. हे आनंदानं ओरडायचेच बाकी होते. म्हणाले, "हीच ती आभाळातली. फक्त लहान."

मी म्हटलं, "मग मोठी शिकवायची वेळ आणू नका. दुसरी चोळी नाही माझ्याकडं."

खरा गाजला तो लोहचुंबक. घोड्याच्या नालासारखा वाकवलेला, तांबडा रंग दिलेला, पाय मात्र उघडे. तो सुया उचलायचा, खिळे उचलायचा, किल्ल्यांचा जुडगा उचलायचा. कधी नव्हे ती मुलं शाळा सुटल्यावरही हलेनात. मग एक दिवस यांनी कमाल केली. पाटीवर सुई ठेवली, पाटीखालून चुंबक फिरवला आणि सुई पाटीवर नाचायला लागली. मुलांना सांगितलं, "चुंबकाची ओढ आड आलेल्या वस्तूला जुमानत नाही. दगडी पाटी असो, लाकडी फळी असो, ती आरपार जाते." मुलांनी तेच घरोघर नाचवून सांगितलं. शास्त्र इतक्या झपाट्यानं पसरलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

भिंतीपलीकडं पाटलांची सून नुकतीच बाळंत झाली होती. दोन मुलींवर मुलगा. आता आमच्याकडं बाळंतिणीच्या उशाखाली लोखंड ठेवतात. विळा, अडकित्ता, काहीही, पण लोखंडच. सव्वा महिना ते हलवायचं नाही. लोखंड आहे तोवर बाहेरची बाधा आत शिरत नाही. हे कळायला आमच्याकडं पेटी मागवावी लागत नाही. तर तो मुलगा रडायला लागला. दिवसा रडे, रात्री रडे, आणि अंगावर घेतला की तोंड फिरवी.

एका दुपारी पाटलीणबाई आमच्याकडं आल्या. धिप्पाड बाई, सगळं गाव त्यांना वचकून असायचं, पाटीलसुद्धा. ओट्यावर बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "मास्तरीणबाई, त्ये तुमचं तांबडं लोखंड दुसऱ्या लोखंडाला वढतंय म्हनं?"

"ओढतं."

"पाटीआडून बी?"

"हो."

"फळीआडून?"

"हो. मुलांनी पाहिलंय की."

"मंग भिताडाआडून कावून न्हाई?"

पाटलीणबाई शांतपणे सांगू लागल्या. विळा उशाखाली आहे तिथंच आहे, पण त्याच्यातलं सत भिंतीतून आमच्या पेटीकडं यायलंय. पोकळ विळा नुसता आकाराला उरलाय. बाधेला ते कळतं, ती काही आंधळी नाही. "पेटी हलवा, न्हाई तर आमची पोरं शाळंत येनार न्हाईत. अन् आमची न्हाईत म्हंजी कुनाचीच न्हाईत."

यांनी गावाला इतके दिवस जे शिकवलं, ते पुरतं समजलेली पाटलीणबाई ही एकच विद्यार्थिनी होती. तिनं ते फक्त एक पाऊल पुढं नेलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत पेटीशिवाय कुणी आलं नाही. साहेब यायला आठवडाच उरला होता. पेटी हलवायची तर सरकारी माल शाळेबाहेर ठेवायला मनाई. हे फेटा बांधून पाटलांना समजावायला निघाले. मी म्हटलं, "जाऊ नका." गेले. ओसरीवर निम्मं गाव बसलेलं होतं आणि भिंतीआडून मला शब्द न् शब्द ऐकू येत होता. ओढीपेक्षा शब्दांना ती भिंत जास्त पातळ होती.

"पाटील, लांब गेलं की ओढ कमी कमी होत जाते," हे सांगत होते. "भिंतीपलीकडं ती नसल्यातच जमा."

"नसल्यात जमा म्हंजी न्हाई का?"

इथं 'नाही' म्हणायचं आणि घरी यायचं. कोणत्याही शहाण्या माणसानं तेच केलं असतं. पण यांनी पुस्तक वाचलेलं होतं. म्हणाले, "अगदीच नाही असं शास्त्राला म्हणता येत नाही."

"म्हंजी थोडं तरी वढतंच की, मास्तर."

"कणभर."

"मंग पोरगं बी अजून कणभरच हाय," पाटील म्हणाले, आणि बैठक उठली.

हे परत आले, फेटा खुंटीला लावला आणि म्हणाले, "मी चूक काहीच बोललो नाही." ते खरं होतं. त्याचाच मला राग आला. गावात एका माणसानं शास्त्राला धरून बोलायचं ठरवलं होतं आणि नेमका तोच माझा नवरा निघाला होता.

सोयर फिटला होता, म्हणून मी बाळ बघायला गेले. पाटलीणबाईंनी अडवलं नाही. बाळंतिणीची खोली दार-झरोके लावून घट्ट बंद, बाजेखाली शेगडी, तिच्यात ओवा-शेपा टाकलेल्या. धुरानं माझ्याच डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सून घामानं भिजलेली, बाळाला छातीशी धरून बसलेली. बाळ तोंड उघडी, दोनदा ओढी, खोके आणि रडे. उशाखालून विळ्याची मूठ दिसत होती. माझ्या मुलीच्या उशालाही विळा होता. चांगला धारेचा, नवा करून आणलेला. तेव्हा शेजारी शाळा नव्हती, पेटी नव्हती, सगळ्या बीडात असा चुंबक नसेल, तरी ती गेली. हे पाटलीणबाईंना सांगावं असं मनात आलं. पण त्या बाईला नातू जगायला हवा होता. तिच्या हातातला विळा काढून घेऊन मी तिला काय देणार होते? बाहेर आल्यावर मला रडू फुटलं आणि शेगडीच्या धुरामुळं ते खपून गेलं.

घरी आले ती पेटी उचलून नदीत टाकावी अशा तयारीनं. चुंबक आला तेव्हा त्याच्या दोन्ही पायांवर एक लोखंडी पट्टी आडवी बसवलेली होती. बांधणीचं काहीतरी असेल म्हणून यांनी ती काढून बाजूला टाकली, आणि माझा तवा चुलीवर डुगडुगायचा म्हणून मी ती त्याखाली सारली होती. रागारागानं आवरायला घेतलं, पट्टी पुसून पेटीत टाकायला गेले, तर ती हातातून निसटली आणि खट्‌कन चुंबकाच्या पायांना जाऊन चिकटली. शेजारी माझी शिवणाची सुई पडलेली होती. एरवी ती केव्हाच उडी मारून चिकटली असती. ती हलेना. जवळ नेली तरी हलेना. पट्टी ओढून काढली, सुई चिकटली. पट्टी बसवली, सुई मेल्यासारखी पडून.

यांना हाक मारून दाखवलं. यांनी पुस्तक उघडलं, पान उलटलं आणि अपराध्यासारखं तोंड करून म्हणाले, "आहे. पुढच्या पानावर आहे. पट्टी लावली की ओढ पट्टीतल्या पट्टीत फिरते, बाहेर फारशी येत नाही."

यांचं शास्त्र कायम पुढच्या पानावर असायचं.

मी चुंबक, पट्टी आणि सुई पदराखाली घेऊन पाटलीणबाईंकडं गेले. आधी पट्टी काढून सुई उचलून दाखवली, मग लावून दाखवली. त्यांनी स्वतःच्या हातानं केलं. पाटीआडून केलं. दुसरा विळा मागवून त्याच्याजवळ नेऊन केलं. इतकी कसून परीक्षा यांच्या शाळेत कुणी घेतली नसेल.

"म्हंजी त्येचं तोंड बांधलं म्हना की."

"हो. त्याला त्याचं लोखंड मिळालं की तो दुसऱ्याच्या लोखंडाकडं बघत नाही."

"मानसाचं बी तसंच हाय," त्या म्हणाल्या. शास्त्राला नुसती पट्टी पुरत होती, पाटलीणबाईंना पुरत नव्हती. त्यांनी वरून काळ्या दोऱ्याचे वेढे दिले, त्यात बिब्बा ओवला आणि गाठ मारली. अट अशी की सव्वा महिना होईतो तोंड सोडायचं नाही, साहेब येवो नाही तर खुद्द निजाम.

"आणि खोलीचं दार दिवसा उघडं ठेवा," मी म्हटलं. "शेगडीही थोडी लांब सरकवा."

"कावून?"

"गेलेलं सत विळ्यात परत यायचं तर त्याला वाट नको?"

हे कोणत्याच पानावर नव्हतं. पण त्यांना पटलं. दार उघडलं, धूर निघाला, आणि दोन-चार दिवसांत मुलगा दूध ओढायला लागला. सगळं श्रेय बिब्ब्याला मिळालं. मिळू दे. भिंतीपलीकडचं रडणं थांबलं आणि मला इतका आनंद झाला की माझं मलाच नवल वाटलं. शाळा पुन्हा भरली.

साहेब आले ते शेरवानी आणि तुर्की टोपी घालून, पाटलांकडचं जेवण आटोपून. मी मधल्या दाराच्या फटीला डोळा लावून उभी होते. पाटलीणबाई तर सरळ आमच्या अंगणात येऊन बसल्या होत्या, गाठीवर नजर ठेवून. दगडांचा पाठ झाला. साहेबांनी एका मुलाला काळा दगड दाखवून विचारलं, "ये पत्थर कहाँ मिलता है?"

"पेटीत," मुलगा म्हणाला.

माझ्या चोळीनं कोंडा उचलला, तेव्हा साहेब जरा सावरून बसले. मग चुंबक निघाला. साहेबांनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "मास्टर साहब, ये बाँध कर क्यूँ रखा है?"

पुढचं पान आता यांना पाठ झालेलं होतं. ओढ पट्टीत कशी फिरते, ते यांनी सांगितलं आणि फळ्यावर चित्रही काढलं. साहेब चित्राकडं आणि दोऱ्याकडं आळीपाळीनं बघू लागले. मला वाटलं, गेली माझी चूल. मग ते खुर्चीत रेलले आणि म्हणाले की सगळ्या जिल्ह्यात त्यांनी चुंबक वाटले, आणि प्रत्येक शाळेत पट्टी हरवलेली, चुंबक उघडा पडून मरतुकडा झालेला. एका ठिकाणी तर मास्तर त्यानं सुपारी फोडत होते. "पूरे ज़िले में एक यही मक़नातीस ज़िंदा है." मग त्यांनी दोऱ्यावर बोट ठेवलं. "और ये धागा?"

"मज़बूती के लिए, हुज़ूर," हे म्हणाले. यांच्या आयुष्यातलं पहिलं खोटं, आणि तेही उर्दूत. बिब्ब्याबद्दल साहेबांनी विचारलं नाही. त्यांनाही नातवंडं असावीत.

हुकूम आला तो उन्हाळ्याच्या तोंडावर. हे अंगणातूनच वाचत आले. नोकरी कायम. माझ्या हातातली भाकरी तव्यावर पडायच्या आत यांनी पुढची ओळ वाचली. सरकारी सामानाची इतकी निगा राखणारा मास्तर खेड्यात वाया घालवणं बरं नाही, म्हणून त्याला बीडच्या मोठ्या शाळेत, सामानाच्या खोलीवर नेमण्यात येत आहे. हंगामी माणसाला कुणी हलवत नाही, त्याला फक्त काढून टाकतात. हलवतात ते कायम झालेल्याला. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

"बीडला!" हे म्हणाले. "घरीच की गं."

"मी इथंच राहते," मी म्हटलं.

हे हसले. मी पुन्हा तेच म्हटलं. तेव्हा हसायचे थांबले, कागदाची घडी घातली आणि हळूच म्हणाले, "हुकूम आहे." मग गाडी सांगायला गेले. मी आयुष्यात एकदाच अक्कल चालवली, तीही यांना कायम करायला. चालवली नसती तर शाळा उठली असती आणि मी बीडला गेले असते. चालवली, आणि मी बीडला निघाले.

पाटलीणबाईंनी माझी ओटी भरली. मुलगा त्यांच्या कडेवर होता, गुटगुटीत. "पोरगं तुमच्यामुळं वाचलं आसं न्हाई मी म्हननार, बिब्ब्यानं वाचलं," त्या म्हणाल्या. "पर तुमी जाऊ नगा." दुसरं कुणीही मला तसं म्हटलं नाही.

बीडला सासूबाईंनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. मुलगा कायम होऊन घरी आला, म्हणून त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. जावांनी सामान उतरवून घेतलं, कुणी वाकडं बोललं नाही. संध्याकाळी मी स्वयंपाकघरात गेले. चुलीपुढं तिघींच्या जागा ठरलेल्या होत्या. धुराच्या बाजूची तेवढी रिकामी होती. मी नसताना ती कुणी घेतली नव्हती. मी पदर खोचून तिथं बसले.